गिरजा परेड

मु. वाडी, ता. केज
२ फेब्रुवारी २०२५, रविवार

प्रिय आदिनाथदादा,

सप्रेम नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला ‘सलाम’ लिहायचा नाही, तो वाचला की आपण ख्रिस्ती हे कुणालाही कळतं, असं तू नोकरी लागली त्याच वर्षी बजावलं होतंस. तेव्हा नमस्कारच. वहिनींनाही सांग. आबांबद्दल मोबाईलवर काही टाकू नको, असंही परवा म्हणालास, म्हणून हे पोस्टानं पाठवते. गेवराई काही सातासमुद्रापलीकडे नाही, पण आपल्या घराला आता टपालच शोभतं.

आम्ही सगळे ठीक आहोत. आमचे हे अजून कर्नाटकात ऊस तोडतायत. कारखान्याचा पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे हंगाम संपल्याशिवाय, मुकादम सोडत नाही. आबा गेल्याचं त्यांना फोनवर सांगितलं, तर ट्रॅक्टर बंद करून त्यांनी मला परत एकदा सांगायला लावलं. माझी अंगणवाडी चालू आहे. खिचडी शिजते, पोरं खातात, भांडतात, झोपतात. घरी आलं की काय करायचं ते सुचत नाही.

तू फोनवर “झालं का?” एवढंच विचारलंस आणि मी “झालं” म्हणाले. पण काय आणि कसं झालं, हे तुला कुणीतरी सांगायला हवं, आणि सांगणारी मी एकटीच आहे.

त्या रविवारी आबांनी नेहमीसारखी दाढी केली, बूट पुसले, कोट घातला आणि चर्चमध्ये टोल द्यायला गेले. दिवाळी झाली की आपली सगळी मंडळी कोयते घेऊन गाडीत बसते. मागे चर्चमध्ये उरतात भिवराबाई आणि सुंदरबाई. एकीला ऐकू येत नाही, दुसरीला दिसत नाही. पण या दोघींसाठी आबा टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर असा टोल द्यायचे की जणू अख्खी पलटण गोळा करायचीय. मी त्यांना चिडवायचे, “आबा, भिवराबाईला तर ऐकूच येत न्हाई, कावून एवढं बडवताव?” ते म्हणायचे, “ऐकू येत न्हाई म्हणूनच बडवतो.” त्या दिवशी टोल मध्येच थांबला. सुंदरबाईच्या लक्षात आलं. ती चाचपडत गेली, तर आबा रुळाखाली पडलेले.

केजच्या दवाखान्यात नेलं. डोक्यात रक्त साकळलंय, वय झालंय, घरी न्या, म्हणाले. उजवं अंग गेलं होतं. बोलणं जड झालं होतं, पण कळत होतं. तुला मी त्याच दिवशी फोन केला. तू प्रशिक्षणाला होतास. नंतर केला तेव्हा तू निवडणुकीच्या याद्यांच्या कामाला होतास. आबांनी एकदाच विचारलं, “आदिनाथला कळवलंस का?” मी म्हटलं, कळवलं. “मग अडचण असंल त्याला,” म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं. परत विचारलं नाही.

कबर खोदायची ती मंडळीच्या हातांनी, भाडोत्री माणसाकडून नाही, हा आपल्या चर्चचा नियम आबांनीच पंच म्हणून घातलेला, तुला आठवत असेल. थेरड्या पंचापासून मिसरूड फुटलेल्या पोरापर्यंत सगळ्यांनी आळीपाळीनं कुदळ धरायची. आबांची वेळ आली तेव्हा गावात कुदळ धरणारा एक हात नव्हता. सगळे उसात. मी स्वतः गेले कुदळ घेऊन. वरचा मुरूम कसाबसा निघाला, खाली खडक लागला. तेव्हा वाड्यावरच्या अमरसिंह तात्यांनी शेतातला जेसीबी पाठवून दिला.

दादा, जेसीबीनं दोन घासांत खड्डा केला. खड्डा कसला, शेततळंच. पेटी त्यात सोडली तेव्हा ती एखाद्या लेकराची वाटत होती. मोटारसायकलवरून आलेले पाळकसाहेब, दोन म्हाताऱ्या, मी, आणि केजहून आलेले पाचसहा माजी सैनिक, एवढीच माणसं. आम्ही मूठमाती टाकत राहिलो, पण तळसुद्धा झाकेना. शेवटी त्या यंत्रानंच माती लोटली. सैनिकांनी सलामी दिली ती इंजिनाच्या आवाजात. पाळकसाहेबांनी विचारलं, “चिरंजीव कुठं आहेत?” मी म्हणाले, “ड्यूटीवर.” सैनिकांनी माना डोलावल्या. त्यांना ते पटलं.

आणखी एक. शेवटच्या दिवसांत आबांनी मला जवळ बोलावून सांगितलं, “माझ्यावर क्रूस लावू नको. नाव लिव्ह, नंबर लिव्ह, पलटण लिव्ह. बास.” ज्यांनी सगळ्या मंडळीच्या कबरींवर क्रूस उभे केले, त्यांनी असं म्हणावं. मी कारण विचारलं नाही, कारण मला ते ठाऊक होतं असं वाटलं. उद्या कुणी त्या क्रूसाचा फोटो काढून अर्ज करायचा आणि तुझ्या नोकरीवर यायचं. मरतानाही त्यांना तुझीच काळजी, असं माझ्या मनात आलं आणि मला तुझा राग आला. खोटं कशाला बोलू.

दगड केजला घडवायला टाकलाय. घडवणाऱ्यानं विचारलं, वर काय कोरायचं, ओम की क्रूस? मी म्हटलं, काही नको, मोकळं ठेवा. त्यानं तसं वहीत लिहून घेतलं.

त्यांची ट्रंक मी उघडली. गणवेश, पदकं, लोकरीचा मफलर. मफलरात एक वस्तू होती. तिच्याबद्दल नंतर लिहीन.

वहिनींना नमस्कार, सत्यमला आशीर्वाद. सवड झाली तर ये.

तुझी बहीण,
सुनिता


मु. वाडी, ता. केज
२ एप्रिल २०२५

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. पत्र पाठवू नको असं तू फोन करून सांगितलंस, तरी पाठवते आहे. हे शेवटचं.

त्या फोनवर तू बरंच बोललास. नोकरी लागल्यापासून इतकं बोलला नव्हतास. तुझा सगळा राग बाहेर आला ते एका परीनं बरंच झालं. “तू मला आबा शिकवू नको. माझी भाकरी जाणार होती तेव्हा त्यांना स्वतःचा खरेपणा मोठा वाटला. अमरसिंह तात्या होते म्हणून मी आज शिक्षक हाय, न्हाईतर तुझ्या नवऱ्यासारखा कोयता घेऊन फिरलो असतो.” हे तुझेच शब्द. माझ्या नवऱ्याचं सोड, तो कोयत्याला लाजत नाही. पण बाकीच्याचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. आज देता येतं, म्हणून लिहिते.

आपल्या घरातले ते दिवस आठव. तुझी राखीव जागेवर निवड झाली, कुणीतरी अर्ज केला की हे लोक ख्रिस्ती आहेत, यांना ही सवलत नाही, आणि पडताळणीचे लोक गावात येणार असा निरोप आला. तू आदल्या दिवशी पक्कड घेऊन आलास. चौकटीवरचा क्रूस उपटलास, तो, बायबल आणि गीतांची पुस्तकं ज्वारीच्या कणगीत खुपसलीस. आबा ओट्यावर बसून बघत होते. मग तू त्यांच्यापुढे उभा राहिलास आणि म्हणालास, “उद्या विचारलं तर न्हाई म्हणा.” आबा म्हणाले, “मला खोटं बोलता येत न्हाई, आदिनाथ. जमणार न्हाई.” तू तसाच निघून गेलास. दारातल्या घागरीला लाथ बसली ती चुकून की मुद्दाम, ते मला अजून कळलेलं नाही.

तुझं काम झालं. तू पेढे घेऊन आलास ते थेट तात्यांच्या वाड्यावर. तात्या म्हणाले असतील, “मी सांभाळून घेतलं.” ते म्हणणारच, गावाचे पुढारी आहेत. तेव्हापासून दिवाळीला तू त्यांच्या पाया पडायला येतोस आणि आपल्या दारावरून तसाच पुढे जातोस. आबांनी कधी काही सांगितलं नाही. मीही तेच धरून चालले, की आबा खरं बोलले आणि तात्यांनी ते झाकलं.

मंडळी गेल्या आठवड्यात उसातून परतली. मी तात्यांकडे गेले होते, जेसीबीचे आभार मानायला. माणूस गेल्यावर आभार मानायचे राहून गेले होते. तात्या आता थकलेत, खाटेवरच असतात. त्यांनी मला चहा दिला आणि आबांच्या आठवणी काढत बसले. मग हसून म्हणाले,

“तुजा बाप लई करारी, पोरी. मला वाटलं होतं, हा गडी ऐन वक्ताला घात करतोय. खऱ्याचा अवतार ना. म्हणून मी त्याला आधीच बोलवून समजावलं बी होतं. आयकलं आन् उठून गेला. पडताळणीचे साहेब इथंच बसले होते, या बाजंवर. त्यांनी इचारलं, चर्चला जाता का? म्हनला, न्हाई. त्यांनी परत इचारलं, घरात कुनी ख्रिस्ती हाय का? म्हनला, न्हाई. साहेब लई खवट. म्हनले, मग लोक तुमाला पंच कावून म्हनत्यात? तवा तुजा बाप म्हनला, ‘मी त्यातला न्हाई साहेब. पलटणीत होतो, म्हनून मान देत्यात.’ एकदा न्हाई, तीनदा इचारलं, तीनदा न्हाई म्हनला. मी तर काहीच केलं न्हाई. गडी एकदा ठरिवलं की ठरिवलं.”

माझ्या हातात कपबशी होती. तात्या पुढे म्हणाले, “मग उठला. चहाला हात लावला न्हाई. गोठ्यामागं गेला आन् लेकरावानी रडला. मला वाटलं, पोराचं काम झालं, आनंदानं रडतोय.”

तात्या भले आहेत. ते कौतुकानंच सांगत होते. त्यांना काय माहीत.

तू विसरला असशील, तुझं वाचन सुटलंय, म्हणून लिहिते. गुड फ्रायडेला आपण पेत्राचा तो उतारा वाचतो. प्रभूला धरून नेल्यावर पेत्र अंगणात शेकत बसतो, लोक विचारतात, तू त्याच्याबरोबरचा ना? तो म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. तीनदा म्हणतो. मग कोंबडा आरवतो, आणि पेत्र बाहेर जाऊन रडतो. हा उतारा आबाच वाचायचे, दरवर्षी, पाठ असल्यासारखा. नंतर तो दुसऱ्याला वाचायला द्यायला लागले. चष्मा लागत नाही म्हणायचे.

 तात्यांच्या ओट्यावरून घरी येताना वाटेत एकेक गोष्ट जागेवर बसत गेली.

त्यांच्या कोंबड्या आठवतात? गावरान कोंबड्यांचं किती वेड त्यांना. त्या तुऱ्याच्या लाल कोंबड्याला तर ते ‘सुभेदार’ म्हणायचे. तुझं काम झालं त्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या कोंबड्या भिवराबाईला देऊन टाकल्या. भिवराबाईनं ‘सुभेदारा’चं कालवण केलं आणि आबांना वाटीभर आणून दिलं, तर त्यांनी ते हातात घेतलं नाही. सगळं गाव हसलं, हवालदार लढाईला भ्याला नाही आणि कोंबड्याला भ्याला म्हणून. मीही हसले होते.

आणि प्रभूभोजनाचा प्याला, प्रभूच्या रक्ताची आठवण म्हणून घ्यायचा तो. काळ्या मनुका उकळून त्यांचा रस आबाच करायचे, चुलीपाशी बसून, फडक्यानं गाळून. त्यात कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. भोजनाच्या आधी सगळ्या मंडळीला दम भरायचे, ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्यानं आधी जाऊन सलाम करावा, मग प्याला उचलावा. मग स्वतः तबक घेऊन प्रत्येकापुढे जायचे. एक प्याला तबकात उरायचा. भिवराबाई दर वेळी म्हणायची, “पंच, तुमचा राह्यला.” ते म्हणायचे, “पोटात जळजळतं.” मला वाटायचं, तुझ्याशी बोलणं नाही म्हणून घेत नसतील. तसं नव्हतं, दादा. ते स्वतःला त्या मेजाचा माणूस समजत नव्हते. इतकी वर्षं सगळ्यांना पाजलं आणि स्वतः कोरडे राहिले. आणि ‘क्रूस लावू नको’ हे तुझ्या नोकरीसाठी नव्हतंच. आपल्याला तो हक्क राहिला नाही, असं ते मानत होते. मी तुझ्यावर उगाच रागावले. तेवढ्यापुरतं मला माफ कर.

त्यांची ती एक गोष्ट तुला नक्की आठवत असेल. आबांनी लढाईचं कधी काही सांगितलं नाही, सांगितली ती गिरजा परेड. रविवारी कंपनी मैदानात उभी राहायची आणि सुभेदार ओरडायचा, मंदिरवाले इकडे, गुरुद्वारावाले तिकडे, गिरजावाले एक पाऊल पुढे. “सगळ्या कंपनीत एकच बूट वाजायचा,” आबा सांगायचे, “माझा.” एवढं सांगून जमिनीवर टाच आपटून दाखवायचे आणि आपण पोरं टाळ्या पिटायचो. दर नाताळला सांगायचे. नाताळला मंडळी उसात असायची, म्हणून एस.टी.नं तळावर जायचे आणि पाचटाच्या शेकोटीशी सांगायचे. पेढे वाटले त्या वर्षापासून त्यांनी ती गोष्ट कधीही सांगितली नाही. पोरांनी हट्ट केला तरी नाही.

मफलरातली वस्तू काय ते आता सांगते. तू उपटलेला क्रूस. कणगीतून त्यांनी तो कधी काढला माहीत नाही. पदकांच्या वर ठेवला होता, वाकडे झालेले खिळे सरळ ठोकून सोबत गुंडाळलेले. चौकटीवर मात्र परत लावला नाही. ती भोकं अजून तशीच आहेत, तुझी नजर जात नसेल.

त्यांनी तुझ्यासाठी काय टाकून दिलं हे तुला कळावं म्हणून लिहिलं. तू वाईट आहेस असं मी म्हणत नाही. पोट सगळ्यांनाच आहे, आणि जो कायदा माणसाला देव आणि भाकरी यांतलं एक निवडायला लावतो तो तू केलेला नाहीस. पण त्या माणसाला तू खरेपणाचा दोष देत राहिलास, आणि तो माणूस तुझ्यासाठी खोटं बोलून रोज मरत राहिला. हे मला सहन होत नाही. मी रात्रंदिवस तेच घोकते.

या महिन्यात वीस तारखेला ईस्टर आहे. पहाटे मंडळी कबरस्तानात जाते, कबरींना चुना लावते, हे तुला माहीत आहे. हजेरीही आठवत असेल. तीही आबांनीच पलटणीतून आणलेली. प्रत्येक घर आपल्या माणसाच्या कबरीपाशी उभं राहायचं, पंचानं मेलेल्याचं नाव पुकारायचं, आणि घरच्या माणसानं एक पाऊल पुढे येऊन ‘हजर’ म्हणायचं. लग्न झालेली लेक सासरच्या रांगेत उभी राहील, हाही त्यांचाच नियम. मी त्यावर भांडले होते. ते म्हणाले होते, “रांग म्हंजी रांग.”

या वर्षी नावं सुंदरबाई पुकारणार आहे. तिला दिसत नाही, पण सगळी नावं पाठ आहेत. आबांचं नाव सगळ्यात शेवटी येईल. मी माझ्या सासऱ्यांच्या कबरीपाशी उभी असेन. तिथून मी हलणार नाही. तू नसलास तर सुंदरबाई नाव पुकारेल, थांबेल, आणि तिला वाटेल आपल्याला ऐकू आलं नाही. ती परत पुकारेल. तेव्हाही मी ‘ड्यूटीवर आहे’ म्हणणार नाही. एकदा म्हणाले, आता पुरे.

दगड आलाय, उशाशी बसवलाय. नाव, नंबर, पलटण. वरचा भाग मोकळा आहे. क्रूस, ते खिळे आणि हातोडी मी पिशवीत घेऊन येईन. क्रूस ठोकून रोवायला बाभळीची एक मेढही तासून ठेवलीय. आलास तर तू ठोक आणि तू रोव. मी तुझ्या पाठीमागे काही करणार नाही, तुझ्या भाकरीत माती कालवायला मी बसलेली नाही. तू नाही आलास तर सगळ्या कबरस्तानात एक आबांचीच कबर बोडकी राहील, त्यांनी सांगितली तशी.

फोटो कुणी काढू नये हे मी बघेन. पण कुणी काढलाच, कुणी अर्ज केलाच, तर मी काय करू शकेन? काही नाही. ही भीती खरी आहे, ती मी खोटी म्हणत नाही. आबांनाही ती खरीच वाटली होती.

पहाटे पाचला चौसाळ्याच्या बाजूनं जी गाडी येते तिनं आलास तर उशीर होईल, आदल्या संध्याकाळी ये. जेवायला काय करू ते कळव. मनुका मी भिजत घालणार आहे. गाळायला आबांचंच फडकं आहे. तबकात एक प्याला दर वेळी उरतो, हे आता सगळ्या मंडळीला माहीत आहे.

वहिनींना नमस्कार. सत्यमला आशीर्वाद, त्याला सांग त्याचे आजोबा हवालदार होते.

आणि दादा, तुला, सलाम.

सुनिता
हवालदार आसाराम पंचांची लेक